सशांच्या जंतांवरची औषधं : आठ महिन्यांनंतर

भुरीच्या लेंड्यांवर पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा वळवळताना दिसला, तिथून हे सुरू झालं. चिकू तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचा होता. त्याची शेपटीखालची लव सारखी ओली आणि वजन जागच्या जागी. पहिल्या डॉक्टरांनी लेंड्या न बघताच दोघांनाही एकच जंताचं औषध दिलं. भुरी सुधारली. चिकू तसाच, वर आणखी सुस्त.

दुसऱ्या डॉक्टरांकडे ताज्या लेंड्या तपासून घेतल्या तेव्हा उलगडा झाला. भुरीला पिनवर्म (दोऱ्यासारखे बारीक जंत) होते, पण चिकूला कॉक्सिडिया. ते जंत नाहीतच, एकपेशीय परजीवी. आधी दिलेलं फेनबेंडाझोल जंतांवर चालतं, कॉक्सिडियावर नाही; त्याला टोलट्राझुरिल लागलं. माझे दहा दिवस फुकट गेले ते इथे.

भुरीचा फेनबेंडाझोलचा डोस किलोला २० मिग्रॅ, पाच दिवस, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तेवढाच. ती १.८ किलोची, म्हणजे ३६ मिग्रॅ. पहिली बाटली २.५ टक्क्यांची (एका मिलीत २५ मिग्रॅ) होती, त्यातून साधारण १.४ मिली भरायचो. दुसऱ्या फेरीला १० टक्क्यांची बाटली मिळाली आणि मी सवयीने १.४ च भरलं! चौपट डोस. सिरिंज तोंडापाशी नेल्यावर लेबल दिसलं. हे औषध जास्त झालं तर सशाच्या अस्थिमज्जेवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे आता बाटलीवर मार्करने मिली लिहून ठेवतो.

चिकूचं टोलट्राझुरिल दोन दिवस, पाच दिवस खंड, परत दोन दिवस. टॉवेलमध्ये गुंडाळून, पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून, थेंबथेंब. पहिल्या दिवशी घाई केली, तर निम्मं त्याच्या छातीवर आणि उरलेलं माझ्या बाहीवर. आठवड्याभरात लेंड्या कोरड्या, टणक झाल्या.

खरा घाम मात्र लेंड्यांच्या ट्रेने काढला. कॉक्सिडियाची अंडी (ऊसिस्ट म्हणतात त्यांना) लेंडीतून बाहेर पडल्यावर लगेच बाधक नसतात, त्यांना पिकायला साधारण एक दिवस तरी लागतो. म्हणून ट्रे रोज साफ, न चुकता. ब्लीचचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. उकळतं पाणी ओतायचं आणि मग कडक वाळवायचं. मी मधे आठवडाभर आळस केला आणि पुढच्या तपासणीत ऊसिस्ट पुन्हा वाढलेले. दोष औषधाचा नव्हता.

औषध चालू असताना खाण्यावर लक्ष ठेवा. ससा दहा-बारा तास काही खात नसेल तर सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टर गाठा.

गेल्या महिन्यात भुरीचा रिपोर्ट स्वच्छ आला. चिकूच्या लेंड्यांत चार-दोन ऊसिस्ट अजून आहेत, पण वजन १.६ किलो, खाणं जोरात, म्हणून डॉक्टरांनी औषध दिलं नाही. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघांचं वजन होतं. भुरी बसते, चिकूला टोपलीत दाबून धरावं लागतं.