न्यूयॉर्क की इंग्लंड? परदेशी कायदा पदवीधरांसाठी दोन वाटा

न्यूयॉर्कमध्ये खरी परीक्षा अर्जापासूनच सुरू होते. वकिलीच्या परवान्यासाठीच्या बार परीक्षेला बसण्याआधी तुमच्या पदवीचे मूल्यमापन होते: अभ्यासक्रमाचा कालावधी पुरेसा आहे का, आणि त्याचा पाया कॉमन लॉ (न्यायनिवाड्यांवर उभी असलेली इंग्रजी कायदापद्धती) आहे का? यांपैकी एकच उणीव असेल तर अमेरिकेत, मान्यताप्राप्त लॉ स्कूलच्या वर्गात बसून केलेल्या 24 क्रेडिटच्या एलएलएमने (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीने) ती भरून निघते. दोन्ही असतील तर नाही. घोडे अडते ते बहुधा गुणपत्रिकांवर, कारण त्या विद्यापीठाने थेट पाठवाव्या लागतात. म्हणून एलएलएमची फी भरण्याआधीच मूल्यमापन मागवा. पुढे बार परीक्षेत 400 पैकी 266 गुण आणि 50 तासांचे विनामूल्य विधिकार्य लागते.

इंग्लंडमध्ये सॉलिसिटर (अशिलांना सल्ला देणारा वकील) होण्यासाठी पदवी कोणत्याही विषयाची चालते. कस लागतो एसक्यूई या सॉलिसिटरच्या पात्रता परीक्षेत: पहिल्या टप्प्यात 360 बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्यात 16 कौशल्य-चाचण्या. शिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा. तो परदेशातला, जास्तीत जास्त चार संस्थांतला चालतो, पण त्या अनुभवावर सही इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरची किंवा नियमपालन अधिकाऱ्याची लागते. ती कोण करणार, हे नोकरी धरतानाच ठरवा.

एलएलएमचा खर्च झेपत नसेल, तर इंग्लंडच बरे.