नागपुरात वरच्या मजल्यावर दीड टनाचा एसी: उन्हाळा, पावसाळा आणि ऑक्टोबरनंतरचा अनुभव

आमचे घर नागपुरात, इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. ज्या खोलीत एसी बसवला ती बारा बाय बारा फुटांची शयनखोली असून तिच्या डोक्यावर उघडी गच्ची आहे आणि पश्चिमेची भिंत दुपारपासून सूर्यास्तापर्यंत उन्हात तापते. मार्चमध्ये दीड टनाचा फाइव्ह स्टार इन्व्हर्टर (गरजेनुसार कॉम्प्रेसरची गती कमी-जास्त करणारा) स्प्लिट एसी घेतला. नवतपाचा, म्हणजे मेअखेरच्या सर्वाधिक तापणाऱ्या नऊ दिवसांचा कडाका, जुलै-ऑगस्टचा दमटपणा आणि ऑक्टोबरची उष्णता हे तिन्ही काळ त्यावर काढल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. यंत्राच्या दिसण्याविषयी किंवा मोबाइलवरून चालवण्याच्या सोयीविषयी यात फारसे काही नाही. खरेदीपूर्वी सर्वाधिक वेळ ज्या प्रश्नावर गेला, तो म्हणजे किती टनाचा, अर्थात थंड करण्याच्या किती क्षमतेचा घ्यावा, त्याविषयी आहे.

दुकानात पहिला प्रश्न एकच असतो, खोली किती चौरस फुटांची? १२० चौरस फुटांपर्यंत एक टन, १८० पर्यंत दीड टन, त्यापुढे दोन टन, आणि वरचा मजला म्हटला की अर्धा टन वाढवायचा, असा हा ठोकताळा आहे. त्यानुसार आमच्या १४४ चौरस फुटांच्या खोलीला दोन टन सुचवण्यात आला. पण क्षेत्रफळावरून खोलीत किती उष्णता शिरते ते कळत नाही. त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर, पूर्वेकडे तोंड असलेल्या तेवढ्याच खोलीत आणि आमच्या खोलीत मे महिन्याच्या संध्याकाळी जो फरक असतो तो हात लावून कळतो: आमच्याकडे रात्री नऊ वाजता स्टुलावर उभे राहून छताला तळवा टेकवला, तर तो फार वेळ ठेववत नाही.

म्हणून खोलीत शिरणाऱ्या उष्णतेचा ढोबळ हिशेब वॉटमध्ये मांडला. उघड्या काँक्रीट स्लॅबमधून सुमारे १,१०० वॉट, पश्चिमेच्या भिंतीतून ४५०, पडदा लावलेल्या खिडकीतून ५००, फटींमधून आणि दार उघडताना आत येणाऱ्या गरम हवेचे २५०, तीन माणसांचे मिळून ३५० आणि दूरदर्शन संच, दिवा, पंखा यांचे १५०. एकूण २,८०० वॉटच्या आसपास. एक टन म्हणजे ३,५१७ वॉट, त्यामुळे कागदावर एक टनही पुरेसा दिसतो. परंतु यंत्राची ही क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. बाहेर ४५ अंश झाले की ती दहा-पंधरा टक्क्यांनी घटते आणि एका टनाचे जेमतेम तीन हजार वॉट उरतात. दिवसभर तापलेल्या भिंती, गाद्या आणि कपाटे आधी थंड करायची असतात, त्यासाठी मग फारसे काही शिल्लक राहत नाही. दीड टनात ती शिलकी व्यवस्थित उरते. दोन टनाची गरज या हिशेबात कोठेही निघत नाही.

येथे केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोचे ताऱ्यांचे (स्टार) लेबल नीट वाचण्याची शिफारस मी आग्रहाने करीन. दीड टन म्हणजे हिशेबाने ५,२७५ वॉट. प्रत्यक्षात 'दीड टन' या नावाखाली विकल्या जाणाऱ्या यंत्रांवर कोठे ४,८०० च्या आसपास, तर कोठे ५,२०० च्या आसपास आकडा छापलेला आढळतो. नागपूर, चंद्रपूर, अकोला अशा गावांत हा फरक महत्त्वाचा ठरतो, म्हणून आम्ही टनाचा शब्द बाजूला ठेवून वॉटचा आकडा पाहिला आणि पाच हजारांच्या वरचे यंत्र निवडले. तारे ज्या गुणांकावरून ठरतात तो वर्षाला १,६०० तासांचा वापर आणि बाहेर २४ ते ४३ अंशांची हवा गृहीत धरून काढलेला असतो. मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांची नोंद झालेल्या शहरात पारा ४३ च्या वर राहण्याचे दिवस दर उन्हाळ्यात येतात, त्यामुळे अशा काळातील विजेचा अंदाज केवळ ताऱ्यांवरून बांधू नये.

एसी बसवण्यापूर्वी एक काम उरकले, ते म्हणजे गच्चीवर पांढऱ्या उष्णतारोधक रंगाचे दोन हात आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चीक. चीक बाहेर लावणे आवश्यक आहे, कारण काचेतून आत आलेले ऊन आतल्या पडद्याने पुन्हा पूर्ण बाहेर जात नाही. या दोन गोष्टींचा खर्च दीड आणि दोन टनाच्या किमतीतील फरकापेक्षा जास्त नव्हता आणि त्यांना वीज लागत नाही.

उन्हाळ्यातील अनुभव समाधानकारक आहे, मात्र तो वेळेनुसार बदलतो. दुपारी दोनपेक्षा संध्याकाळी सात ते दहा हा काळ यंत्रासाठी अधिक कठीण असतो, कारण स्लॅबने दुपारी घेतलेली उष्णता काही तासांच्या विलंबाने खोलीत उतरते. नवतपाच्या दिवसांत सातला सुरू केलेला एसी खोली २६ अंशांवर आणण्यास बराच वेळ घेई आणि तोवर पूर्ण ताकदीने चाले. साडेदहानंतर मात्र त्याचा आवाज स्पष्टपणे खाली येई आणि पहाटेपर्यंत तो मंद गतीने चालत राही. छताचा पंखा एकवर ठेवून २६ अंश ही आमच्या घरी सर्वांना मानवलेली जोडी आहे. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसीचे कारखान्यातून ठरवून दिलेले मूळ तापमान २४ अंशांवर ठेवणे उत्पादकांना बंधनकारक झाले. त्याहून खाली जाण्याची गरज आम्हाला भर मे महिन्यातही भासली नाही. लग्नसराईत पाहुणे येऊन खोलीत सहा माणसे झोपली, तेव्हा मात्र रात्री दोन वाजेपर्यंत यंत्राची गती खाली आली नाही. असे पाहुणे वर्षभर राहणार असतील, तर त्यांना हिशेबात धरलेच पाहिजे.

दोन टन का घेऊ नये याचे उत्तर पावसाळ्यात मिळते. आमच्या एसीच्या पाण्याच्या नळीखाली बादली ठेवली आहे. मे महिन्यात, कोरड्या हवेत, तिच्यात रात्रभरात तळाशी थोडेसे पाणी साठे. जुलैमध्ये हवेचे तापमान बरेच उतरलेले असूनही तीच बादली सकाळी काठोकाठ भरलेली असे. म्हणजे पावसाळ्यात यंत्राचे मुख्य काम हवेतील ओल काढण्याचे असते आणि त्यासाठी कॉइल दीर्घकाळ सलग थंड राहावी लागते. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटपट थंड करून कॉम्प्रेसर बंद करतो आणि ओल तशीच राहते. डोंबिवलीला माझ्या बहिणीकडे दुसऱ्या मजल्यावरील शंभर चौरस फुटांच्या खोलीत जुना, इन्व्हर्टर नसलेला दीड टनाचा एसी आहे. तेथे अंग गार पडते, तरी चादर ओलसर लागते आणि कॉम्प्रेसरची चालू-बंद होण्याची धडधड रात्रभर ऐकू येते. इन्व्हर्टर गती कमी करतो हे खरे, परंतु तोही एका मर्यादेखाली उतरू शकत नाही आणि यंत्र जितके मोठे तितकी ही मर्यादा वर असते. आमचा दीड टनाचा एसीसुद्धा ऑगस्टच्या काही थंड रात्री मधूनमधून थांबत असे. दोन टनाचा तर वारंवार थांबला असता. कोकण, मुंबई, गोव्यातील वाचकांनी हा मुद्दा क्षेत्रफळाइतकाच गांभीर्याने घ्यावा, अशी माझी विनंती आहे. आमच्याकडे पावसाळ्यात कूलर निरुपयोगी ठरतो तोही याच ओलीमुळे.

बसवण्याच्या जागेबाबत दोन शब्द. बाहेरचे युनिट पश्चिमेच्या भिंतीवर लावणे कारागिरांना सोयीचे होते, कारण तांब्याची नळी कमी लागली असती. आम्ही जादा नळीचे पैसे देऊन ते उत्तरेच्या सावलीत, समोर मोकळी जागा ठेवून बसवून घेतले. बंद बाल्कनीत किंवा जाळीच्या पिंजऱ्यात कोंडलेले युनिट स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढते आणि मग लेबलवरील आकडा प्रत्यक्षात मिळत नाही.

हाच परिणाम धुळीनेही होतो. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे फिल्टर पंधरवड्यात करडा पडतो, वाऱ्याचा झोत कमी होतो आणि खोली थंड व्हायला लागणारा वेळ वाढतो; फिल्टर नळाखाली धुऊन, सावलीत वाळवून बसवला की त्याच रात्री फरक जाणवतो. बाहेरच्या युनिटची कॉइल आम्ही वीज बंद करून मे महिन्याच्या सुरुवातीला साध्या पाण्याच्या हलक्या धारेने धुतली आणि ऑक्टोबरच्या उष्णतेपूर्वी पुन्हा एकदा धुतली.