‘लायसन्ससकट’ वॉकीटॉकी: आमचे ४७,९०० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आठ गाड्यांचा आमचा ग्रुप आहे, पुण्याचा. ताम्हिणी, वेल्हे, वरंधच्या बाजूला पावसाळ्यात मोबाइलची रेंज कशी जाते हे वेगळं सांगायला नको. लीडची गाडी वळणापलीकडे गेली आणि मागची चिखलात रुतली, तर हॉर्न देत बसायचं. म्हणून वॉकीटॉकी घ्यायचं ठरलं. खरेदी माझ्याकडे आली, प्रत्येकाकडून ६,००० रुपये मी गोळा केले. त्यामुळे हे सगळं माझ्या गळ्यात आहे आणि लिहिताना लाज वाटतेय.

दुकान शहरातलंच, काउंटर-बिउंटर व्यवस्थित. हँडसेट ३,८५० ला एक, आठांचे ३०,८००. टपावर चिकटवायचे मॅग्नेटवाले अँटेना १,२०० प्रमाणे ९,६००. आणि ‘लायसन्स फाइल’चे ७,५००, रोख. तो म्हणाला, “साहेब, सगळे सेट ४४६ वर लॉक करून देतो, पाच वॉटचे आहेत, घाटात दहा किलोमीटर आरामात. कागद माझ्याकडून, पोलिसांनी अडवलं तर दाखवायचा.” लॅमिनेट केलेला कागद, वर शिक्का, खाली त्या मॉडेलच्या सरकारी मंजुरीचा नंबर.

इथेच मला कळायला हवं होतं. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २०१८ च्या नियमांनी परवान्यातून मोकळा केला आहे, पण अर्ध्या वॉटपर्यंतच. त्या सेटला वापरणाऱ्याचा परवाना लागतच नाही. आणि ज्या सेटला लागतो, त्याचा परवाना काउंटरवरचा माणूस कुठून देणार? मग ते ७,५०० कशाचे होते? हा प्रश्न त्या क्षणी सुचला असता तर मी उठून बाहेर आलो असतो. पाच वॉट आणि ‘४४६, कायदेशीर’ ही दोन वाक्यं त्याने एका दमात म्हटली आणि मी मान डोलावली. बिलावर लिहिलं होतं, ‘इलेक्ट्रॉनिक ॲक्सेसरीज, नग ८’. मी विचारलं, वॉकीटॉकी का नाही लिहिलं? “जीएसटीचा घोळ असतो दादा.” लायसन्सच्या पैशांची तर नोंदच नाही. ते बिल मी खिशात घातलं. आजही ते बाहेर काढलं की रक्त तापतं.

मी मूर्ख नाही. चार दुकानं फिरलो होतो, भाव काढले होते. पण शिक्का बघितला की आपण गप्प बसतो आणि हे लोक त्यावरच जगतात. दुकानाबाहेरच्या गल्लीत त्याने आवाज खणखणीत ऐकवला होता. गल्लीत कोणताही सेट वाजतो! या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. डोंगराची सोंड आडवी आली की वॉट वाढवून फार फरक पडत नाही. वेल्ह्याच्या पहिल्याच राइडला जेमतेम एका किलोमीटरवर मागची गाडी ऐकू येईना. त्या दिवशी हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना असलेले एक काका सोबत होते. त्यांनी आपल्या सेटवर आमचा आवाज शोधला, तर तो ४६२ मेगाहर्ट्झच्या आसपास सापडला, म्हणजे ४४६ च्या मोकळ्या पट्ट्याच्या बाहेर. “आधी सगळे बंद करा,” ते म्हणाले. कागदावरचा मंजुरीचा नंबर तपासला, तर तो वेगळ्याच मॉडेलचा निघाला.

दुकानदाराने फोनवर “सगळे हेच वापरतात साहेब” म्हटलं. त्यानंतर त्याने फोन घेतला नाही.

मग कचेऱ्या. चौकीत पहिला प्रश्न, “तुम्हाला वॉकीटॉकी कशाला लागतात हो?” फसवलं गेलेला मी आणि संशयही माझ्यावरच! दोन तास बसवून अर्ज घेतला, पोच दिली नाही. सायबरवाले म्हणाले, पैसे दुकानात जाऊन दिलेत, आमच्याकडे येत नाही. रेडिओचा कारभार बघणाऱ्या कचेरीत सांगितलं की असे सेट जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, तुम्हीच अडचणीत याल. बरं, मग विकणाऱ्याचं काय? “लेखी द्या.” दिलं. अकरा आठवडे झाले. तिसऱ्यांदा गेलो तर टेबलावरचा माणूस बदललेला आणि माझा अर्ज सापडेना. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विकणाऱ्या १३ जणांना नोटिसा काढल्या, विक्रीचे नियमही आणले. चांगलं केलं. पण गल्लीतल्या काउंटरवर कोण जाणार? मी पत्ता, बिल, कागद, सगळं नेऊन ठेवलंय, अजून काय करू?

खोक्यावर ४००–४७० मेगाहर्ट्झ असा लांब पट्टा लिहिला असेल तर हात लावू नका. ४४६ च्या सेटला अर्ध्या वॉटच्या वर सांगितलं की उठा. मंजुरीचा नंबर मॉडेलच्या नावाशी जुळवून बघा, पैसे देण्याआधी. मोठा पल्ला हवा तर २७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड पाच वॉटपर्यंत मोकळा आहे, अँटेना लांब लागतो, मंजुरी त्यालाही बघा; नाहीतर हॅमची परीक्षा द्या. घाटात अर्ध्या वॉटचा सेट पुढच्या-मागच्या गाडीपुरता धरा आणि निरोप मधल्या गाडीने पुढे द्यायची सवय लावा. बिलावर वस्तूचं खरं नाव नसेल तर पैसे देऊ नका.

सेट बॅटऱ्या काढून कपाटात ठेवलेत. सात जणांचे ४२,००० मी परत करतोय, कोणी मागितले नसले तरी. तिघांचे १८,००० दिले, २४,००० राहिलेत.