सह्याद्रीतला मुक्काम: तंबू न्यावा की टार्प?

दोघांचा साधा तंबू दोन-अडीच किलोचा. टार्प म्हणजे दोऱ्यांनी ताणून छतासारखं बांधायचं सपाट कापड; ३ बाय ३ मीटरचा, सिलनायलॉनचा (सिलिकॉन चढवलेल्या नायलॉनचा) टार्प दोऱ्या-खुंट्यांसकट किलोच्या आत. चढावर हा फरक खांद्यांना लगेच कळतो. पण हरिश्चंद्रगडासारख्या माथ्यावर बराचसा कातळ, खुंटी शिरतच नाही. मग टार्पची एकेक दोरी दगडाला गुंडाळत बसा, आणि कोकणकड्याकडून वारा सुटला की रात्रभर फडफड ऐका! तंबू स्वतःच्या काठ्यांवर उभा राहतो. चार कोपऱ्यांत जड सामान ठेवायचं, चेन ओढली की विंचू-किरडू बाहेर. थंडीत मात्र श्वासाची वाफ आतल्या कापडावर धरते, पहाटे स्लीपिंग बॅग दमट लागते. टार्पखाली हवा खेळती.

उघड्या माथ्यावर मी तंबूच नेईन. पाऊस सरल्यावर, झाडांच्या आडोशाला टार्प आणि खाली जाड प्लॅस्टिक पुरे.