‘स्वत:’ की ‘स्वतः’? इनडिझाइनमध्ये परिच्छेद आपोआप लावण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या आठवड्यात दिवाळी अंकाच्या कामाचे उरलेले बिल मिळाले, तेव्हा त्यातून एक फॉर्म, म्हणजे एकत्र छापली जाणारी सोळा पाने, पुन्हा छापण्याचा खर्च कापून घेतलेला होता. त्या फॉर्मात एक मुलाखत होती आणि तिच्या अकरा परिच्छेदांची सुरुवात भलत्याच ठिकाणापर्यंत ठळक छापली गेली होती. ‘त्या काळात मी स्वत:’ एवढे ठळक आणि पुढचे ‘च्या खर्चाने तालमी घेतल्या’ साध्या अक्षरांत. म्हणजे शब्दाचेच दोन तुकडे झाले होते. हे इनडिझाइन या पानरचनेच्या सॉफ्टवेअरमधल्या ज्या नियमामुळे घडले तो मीच लिहिला होता आणि आठ महिन्यांत ज्या सोयीने माझे सर्वांत जास्त श्रम वाचवले, तिचाच तो भाग होता. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

गिरगावात आमचे दोन माणसांचे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर पाने लावण्याचे काम आहे. लेखकांकडून येणारा मजकूर वर्डमध्ये असतो आणि प्रत्येकाची टंकलेखनाची पद्धत वेगळी असते. कोणी परिच्छेदाच्या सुरुवातीला पाच वेळा स्पेसबार दाबतो, कोणी दोनदा एंटर देतो, तर कोणी उपशीर्षक मध्यावर आणण्यासाठी टॅब वापरतो. पूर्वी हे सगळे हाताने साफ करून एकेका परिच्छेदाला स्टाइल, म्हणजे अक्षरांच्या रूपाचा ठरवून ठेवलेला संच, लावण्यात दोनशे पानांच्या पुस्तकामागे चार दिवस जात. इनडिझाइनच्या महिन्याच्या वर्गणीचे पैसे मोजत असताना त्यातले अर्धे सॉफ्टवेअर न वापरता पडून राहावे हे मनाला पटत नव्हते, म्हणून गेल्या जूनपासून मी ही कामे आपोआप करून घ्यायला सुरुवात केली.

सर्वांत मोठा फायदा कोणत्याही स्क्रिप्टमुळे (कामे आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममुळे) नव्हे, तर मजकूर आणतानाच झाला. फाइल निवडण्याच्या प्लेसच्या खिडकीत शिफ्ट दाबून ओपन केले की आयातीचे पर्याय समोर येतात आणि तेथे वर्डमधली कोणती स्टाइल आपल्या कोणत्या स्टाइलमध्ये जावी हे एकदा ठरवून त्याचा प्रीसेट जपून ठेवता येतो. दोन्हीकडे स्टाइलची नावे एकच असतील आणि आपली व्याख्या कायम ठेवण्याचा पर्याय निवडला असेल, तर मजकूर पानावर येतानाच आपल्या रूपात येतो. मराठीसाठी याचे महत्त्व अधिक आहे, कारण देवनागरीसारख्या लिपींची अक्षरे नीट जुळवणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर आपल्या स्टाइलमध्येच नेमलेला असतो. वर्डमधून परकी स्टाइल आली आणि तिला साधा कंपोझर लागला, तर वेलांट्या आणि रफार जागा सोडतात. त्यानंतरही स्टाइलच्या नावापुढे अधिकचे चिन्ह दिसले, तर आल्ट दाबून स्टाइलच्या नावावर क्लिक केले की हाताने केलेले फेरफार निघून जातात. मात्र त्यांबरोबर लेखकाने तिरपे केलेले शब्दही सरळ होतात, म्हणून त्या शब्दांना आधीच कॅरेक्टर स्टाइल (पूर्ण परिच्छेदाला नव्हे, निवडलेल्या शब्दांना लागणारी स्टाइल) लावून ठेवावी लागते.

दुसरा टप्पा फाइंड-चेंज-बाय-लिस्ट या स्क्रिप्टचा आहे. ती इनडिझाइनबरोबरच मिळते आणि तिचे सगळे नियम एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळीला एक याप्रमाणे लिहिलेले असतात. दुहेरी स्पेस, दुहेरी एंटर, एंटरनंतरचा टॅब असे नियम त्या फाइलमध्ये मुळातच आहेत. त्यांत आपले नियम घालता येतात आणि नियम वरून खाली क्रमाने चालतात. पहिले दोन महिने मला वाटत होते की हाताने साफ करण्याचे दिवस संपले. ऑगस्टमध्ये कवितांचा विभाग आला आणि दुहेरी एंटरच्या नियमाने बारा कवितांची सगळी कडवी एकमेकांना जोडून टाकली. सुदैवाने ते प्रुफात दिसले. तेव्हापासून मी ही स्क्रिप्ट संपूर्ण डॉक्युमेंटवर चालवत नाही. एक स्टोरी (एकमेकींना जोडलेल्या चौकटींतला सलग मजकूर) किंवा निवडलेला मजकूर एवढ्यापुरतीच ती चालवण्याची सोय तिच्यात आहे आणि तीच वापरावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

आता विसर्गाकडे वळतो. मुलाखतीत बोलणाऱ्याचे नाव कोलनपर्यंत ठळक हवे असते. परिच्छेदाच्या सुरुवातीपासून ठरावीक चिन्हापर्यंत वेगळे रूप देणाऱ्या नेस्टेड स्टाइलने हे करायला गेलो, तर ज्या परिच्छेदात कोलनच नाही तो पूर्ण ठळक होतो. म्हणून मी पॅराग्राफ स्टाइलमध्ये ग्रेप स्टाइल (अक्षरांचा दिलेला नमुना जेथे जुळेल तेथे आपोआप लागणारी) घातली: ^.+?: म्हणजे परिच्छेदाच्या आरंभापासून पहिल्या कोलनपर्यंत. कोलन नसेल, तर ती काहीच करत नाही. नियम अचूक होता, पण टंकलेखकाने ‘स्वतः’मध्ये विसर्ग दिला नव्हता, कोलन दिला होता. बहुतेक फॉन्टमध्ये दोन्ही चिन्हे डोळ्यांना सारखीच दिसतात, परंतु युनिकोडमध्ये ती दोन निराळी अक्षरे आहेत आणि ग्रेपला दिसते ते अक्षर, शब्द नव्हे. ज्या परिच्छेदांत बोलणाऱ्याचे नाव नव्हते, त्यांत पहिला कोलन ‘स्वत:’, ‘विशेषत:’ किंवा ‘दु:ख’ यांतला निघाला.

यावर मी आता तीन नियम ठेवले आहेत. दोन अक्षरांच्या मध्ये अडकलेला कोलन विसर्ग करायचा: (?<=[क-हा-ौ]):(?=[क-ह]). यात ‘दु:ख’, ‘नि:पक्षपाती’, ‘स्वत:च्या’ सुधारतात. शब्दाच्या शेवटी कोलन असेल, तर सरसकट बदल करता येत नाही, कारण ‘गणित:’ किंवा ‘संगीत:’ हे खरोखर उपशीर्षक असू शकते. तेथे स्वत, विशेषत, मुख्यत, वस्तुत अशा शब्दांची यादीच द्यावी लागते आणि ती दर महिन्याला वाढते आहे. तिसरा नियम उलट चुकीसाठी आहे: ‘प्रश्नः’ असे विसर्गाने लिहिलेले असेल, तर नाव ठळकच होत नाही.

डोळ्यांना न दिसणाऱ्या चिन्हांबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. इंटरनेटवरून उतरवलेल्या मजकुरातली शून्य रुंदीची चिन्हे काढून टाकणारा एक नियम मी मोठ्या उत्साहाने लिहिला होता. जुन्या पद्धतीने लिहिलेला ‘र्‍य’ त्यातल्याच एका चिन्हावर उभा असतो आणि ते काढले की ‘आचाऱ्यांना जेवण दिले’ याचे ‘आचार्यांना जेवण दिले’ होते. अर्थ बदलतो आणि वाचणाऱ्याला संशयही येत नाही. तो नियम मी कायमचा काढून टाकला.

खर्चाच्या कपातीबद्दल माझी नाराजी आहे आणि ती मी प्रकाशकांना लेखी कळवली आहे. मुलाखतीचा सुधारित मजकूर छापखान्यात फाइल द्यायच्या रात्री आला, प्रुफासाठी थांबू नका असा त्यांचाच निरोप होता, तेव्हा निम्मा भार त्यांनी उचलायला हवा होता. त्यांनी तो नाकारला. सॉफ्टवेअरची वर्गणी मात्र मी चालू ठेवली आहे, कारण चार दिवसांचे काम आता एका दुपारी होते आणि हा फरक एका फॉर्मच्या कागदापेक्षा कितीतरी मोठा आहे.

बदल एवढाच केला आहे की मुलाखतीसाठी आता दोन स्टाइल आहेत, एक नावाने सुरू होणाऱ्या परिच्छेदाची आणि दुसरी तेच बोलणे पुढे चालू राहिलेल्या परिच्छेदाची, आणि ग्रेप स्टाइल फक्त पहिलीत आहे. शेवटची फाइल पाठवण्याआधी फाइंडमध्ये तोच नियम त्या एका स्टाइलपुरता लावून मी एकेक जागा पाहत जातो. परवा एका स्मरणिकेत अशा साठ जागा पाहिल्या, पंचवीस मिनिटे लागली आणि चौतिसाव्या जागी ‘अंत:करण’ सापडले. दोन अक्षरांमधला कोलन तेथे सुधारला जायला हवा होता, पण टंकलेखकाने त्याच्यापुढे स्पेस दिली होती.