जुन्या एसजीआय इंडीची सर्व्हिसिंग, बडोदा : रावपुऱ्यातलं बिनबोर्डाचं दुकान (५ पैकी ४ स्टार)

आधीच सांगतो, हे दुकान सगळ्यांसाठी नाहीये. लॅपटॉपचा स्क्रीन बदलायचाय, विंडोज टाकायचीय असलं काही घेऊन गेलात तर दुकानवाले काका मान पण वर करत नाहीत, "खाली मोबाईलवाला आहे त्याच्याकडे जा" एवढंच. पण घरात नव्वदीतलं एखादं वर्कस्टेशन (ग्राफिक्ससारख्या जड कामाचा कॉम्प्युटर) पडलेलं असेल आणि ते अजून सुरू होत असेल तर ते सुरू होतंय तोवरच घेऊन जा, बंद पडल्यावर नाही. बंद पडलेलं पण ते घेतात, पण मग निम्मी माहिती मशीनमधून उडालेली असते आणि ती कोणाच्या बापाला परत आणता येत नाही.

माझ्याकडे सिलिकॉन ग्राफिक्सचं (म्हणजेच एसजीआयचं) इंडी आहे, १९९३ ला आलेलं मॉडेल, निळा पसरट डबा आणि सोबत इंडीकॅम, झडप सरकवून बंद करायचा कॅमेरा. त्या काळात कॉम्प्युटरबरोबर कॅमेरा येतो हीच केवढी गोष्ट होती. मामांचा जाहिरातींचा छोटा स्टुडिओ होता, लोगो फिरवायचे, टायटलं करायचे ते सगळं याच्यावर. स्टुडिओ बंद झाला तेव्हा भंगारवाला यायच्या आत मी हे उचललं. आर५००० प्रोसेसर, २४ बिट ग्राफिक्स, आयरिक्स ६.५ (एसजीआयची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम). सुरू व्हायचं, लॉगिन व्हायचं, म्हणून घरात सगळ्यांचं एकच पालुपद, चालतंय ना मग कशाला खोलायचं. काकांचं म्हणणं बरोबर उलटं, "तीस वर्षांचं मशीन वापरून कमी आणि पडून राहून जास्त बिघडतं. सेल वापरला नाही तरी उतरतो, कपॅसिटर वापरला नाही तरी सुकतो, तू काय समजलास."

तर सेलची गंमत. इंडीमध्ये डॅलसची डीएस१३८६ चिप असते, घड्याळ आणि सेटिंगची मेमरी दोन्ही तिच्यातच, आणि लिथियम सेल तिच्या पोटात सील केलेला. अशा सेलचं आयुष्य धरलेलं असतं १० वर्षं, म्हणजे आपण आता बोनसवर जगतोय. तो मेला की नुसती तारीख जाते असं नाही, नेटवर्कचा पत्ता पण त्याच मेमरीत असतो, तो जातो आणि त्याच्या जागी सगळे एफएफ एफएफ दिसायला लागतात. बरं, एवढ्यावर पण थांबत नाही, कारण जुन्या ॲनिमेशन सॉफ्टवेअरची लायसन्स त्याच पत्त्यावरून निघणाऱ्या सिस्टिम आयडीला बांधलेली असतात, म्हणजे एक सेल गेला की मशीन ठणठणीत असून सॉफ्टवेअर तुम्हाला ओळखत नाही. म्हणून काकांनी मशीन घेतल्याबरोबर स्क्रू ड्रायव्हर उचलला नाही, आधी वही काढली. मशीन चालू करून कमांड मॉनिटरमध्ये (आयरिक्स सुरू व्हायच्या आधी कमांड द्यायची जागा) गेले, ०८:००:६९ ने सुरू होणारा पत्ता (एसजीआयचे पत्ते तसेच सुरू होतात) लिहून घेतला, हिन्व्ह कमांड देऊन कुठलं हार्डवेअर आहे त्याची यादी लिहून घेतली, मला म्हणाले फोनमध्ये फोटो पण काढ, आणि मग डबा उघडला. तिथेच मला वाटलं की बरोबर जागी आलोय.

चिप सॉकेटमध्ये असते म्हणून सरळ उपसून निघाली. बारीक ग्राइंडरने वरचं इपॉक्सी (चिपवरचं कडक प्लास्टिक) घासलं, आतल्या जुन्या सेलची वाट तोडली (हे महत्त्वाचं, नाहीतर नवा सेल जुन्याच्या पोटात रिकामा होत राहतो) आणि बाहेरून सीआर२०३२ चं होल्डर जोडलं, म्हणजे पुढच्या वेळी किराणा दुकानातून सेल आणून आपला आपण बदलायचा. मग सेटएन्व्ह कमांडने पत्ता परत भरला, तारीख लावली. मामांचं सॉफ्टवेअर लायसन्ससकट उघडलं, मामांना व्हिडिओ कॉल लावून दाखवलं तर ते आधी म्हणाले अरे हा माऊस अजून आहे होय.

डिस्कचं पण तसंच. जुनी स्कझी डिस्क (स्कझी म्हणजे त्या काळचं डिस्क जोडायचं कनेक्शन) अजून फिरत होती पण आवाज असा की बाजूच्या खोलीत कळतं कॉम्प्युटर चालू आहे. काकांनी ती काढून लिनक्सच्या मशीनला जोडली आणि डीडी कमांडने बिट टू बिट कॉपी काढली, फाईली फाईली कॉपी नाही, आयरिक्सच्या डिस्कचं पार्टिशनच वेगळ्या धाटणीचं असतं त्यामुळे पूर्ण इमेज घेतलेलीच बरी. ती इमेज एसडी कार्डावर टाकून ब्लूस्कझी बोर्ड बसवलं (एसडी कार्डालाच स्कझी डिस्क म्हणून दाखवणारं बोर्ड, ते मी मागवून नेलं होतं). एक टीप, इंडीत सिस्टिमची डिस्क स्कझी आयडी (वायरवरचा नंबर) १ वर लागते, ० कंट्रोलरचा स्वतःचा असतो, यात बरेच जण अडकतात. मूळ डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, वर तारीख टाकून परत दिली, टाकून देऊ नकोस म्हणाले.

आता पॉवर सप्लाय. याच्या आधी मी एका दुसऱ्या दुकानात (नाव जाऊ दे) नुसती धूळ काढायला दिलं होतं तर त्यांनी गाडी धुवायच्या कॉम्प्रेसरने हवा मारली, पंखा भिंगरीसारखा फिरवला आणि पाठवून दिलं. काकांनी पंख्याच्या पात्यात काडी अडकवून ब्रश आणि हलक्या ब्लोअरने साफ केलं, कारण पंखा हवेने नको तेवढा पळवला की बेअरिंग जातं आणि तो उलट वीज पण तयार करतो. आणि कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असतं ते वेगळंच. मी मोठ्या हुशारीने विचारलं, काका डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमीजास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू व्होल्टेज चढवायचं का? "ते व्हॉल्व्हच्या रेडिओला. एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरच्या असल्या सप्लायला, कमी व्होल्टेज दिलंस तर तो करंट जास्त ओढतो." त्यांनी सिरीज लॅम्प लावून (विजेच्या वाटेत बल्ब), डमी लोड देऊन (मशीनऐवजी नुसता भार) तपासलं, ईएसआर मीटरने (कपॅसिटरचा आतला रोध मोजणारं यंत्र) एकेक कपॅसिटर बघितला, जे खराब निघाले तेच बदलले, १०५ डिग्रीवाले टाकले. हिशोब साधा आहे, तापमान १० डिग्रीने कमी ठेवलं तर कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीच तापलेली असते तिथे डब्याच्या आत काय असेल विचार करा. घरी कोणी हे करणार असाल तर कृपया नको, २३० व्होल्टवर चालणाऱ्या सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावर पण ३०० च्या वर व्होल्ट डीसी बसलेले असू शकतात.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे काका नाही म्हणतात. मला सायलेंट पंखा हवा होता, नाही म्हणाले, हवा कमी पडेल, आवाज सहन कर. मदरबोर्डचे पण कपॅसिटर बदलून टाका म्हटलं, गळती नाही, मीटर ठीक दाखवतोय, उगाच बोर्डावरचे तांब्याचे पॅड उखडतील, नाही. डब्याचं प्लास्टिक पांढरंशुभ्र करून देता का असं एक गिऱ्हाईक माझ्यासमोर विचारत होतं त्याला पण नाही, प्लास्टिक आधीच ठिसूळ झालंय म्हणाले. हे सगळं करून त्यांना पैसेच मिळाले असते की.

घरचं पण विचारतात. आमचं घर दांडिया बाजारात जुन्या वाड्यात, तर पहिला प्रश्न अर्थिंग आहे का. तीन पिनचा सॉकेट आहे हो म्हटलं तर म्हणे सॉकेट नाही विचारला, अर्थिंग विचारलं, न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती व्होल्ट येतात मोजून सांग. मोजले, भरपूर निघाले, मग इलेक्ट्रिशियन बोलवावा लागला. पावसाळ्यात महिन्यातून दोन-तीनदा तासभर चालू ठेवायचं म्हणजे आतली ओल निघते, आणि जमिनीवर अजिबात ठेवायचं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा त्यांच्याकडे कसली कसली यंत्रं आली ते ऐकण्यासारखं आहे, चिखल भरलेले ॲम्प्लिफायर, कोणाची तरी ईसीजी मशीन, लोकांनी घाईत प्लग लावून बघितलेली तर सगळी जळालेली.

आता एक स्टार का कापला. वेळेचा काही भरवसा नाही, उद्या म्हणजे पुढचा आठवडा पण असू शकतो, फोन उचलत नाहीत, दुपारी एक ते चार शटर बंद (बडोद्यात नवल नाही म्हणा) आणि नवरात्रात तर विसराच, काका स्वतः गरब्याला जातात, या वयात. काय काय बदललं ते कागदावर लिहून मिळत नाही, मीच मागे लागून त्यांच्या वहीच्या पानाचा फोटो घेतला. जिना अंधारा आणि अरुंद, इंडी छोटं आहे म्हणून ठीक, ऑक्टेन (एसजीआयचं जड मशीन) घेऊन चढणाऱ्याने आधी सोबत माणूस शोधावा. गाडी लावायला जागा नाही, सुरसागरच्या बाजूला लावून चालत या.

पैसे सगळे मिळून साडेसहा हजार झाले, ब्लूस्कझीचं बोर्ड सोडून. कोणाला महाग वाटेल, मला नाही वाटलं. पुढची तपासणी वर्षाने, तेव्हा फक्त धूळ, पंखा आणि सप्लायचे व्होल्टेज बघायचे.

जाताना पॉवर केबल, तुमचा कीबोर्ड आणि १३डब्ल्यू३ चं (इंडीचं मॉनिटर कनेक्टर) अडॅप्टर घेऊन जा, त्यांच्याकडे त्या कनेक्टरचा मॉनिटर नाहीये आणि आजकालचे बरेच एलसीडी हिरव्या सिग्नलवरचा सिंक (चित्र जुळवायची खूण) ओळखत नाहीत, नुसतं काळं दाखवतात. स्क्रीन नसेल तरी काका कीबोर्ड काढून सिरियल पोर्टवरून दुसऱ्या कॉम्प्युटरने चालवतात, ९६०० च्या वेगावर, पण मग ग्राफिक्स तपासलं जात नाही, आणि ग्राफिक्सच्या मशीनचं तेच बघायचं राहिलं तर काय उपयोग.