ज्यू राजकीय विचारांचा ऑनलाइन कोर्स : भांडणं एक नंबर, आवाज बोगस

आठ आठवडे, दर रविवारी दीड तास झूमवर. मला वाटलं प्रवचन असेल, दोन लेक्चर बघू नाहीतर सोडून देऊ, पण सुटलंच नाही.

सुरुवातच राजा हवा की नको इथून. बायबलमधला संदेष्टा शमुवेल लोकांना बजावतो की बाबांनो राजा तुमची पोरं रथापुढं पळवेल, पोरी स्वयंपाकाला नेईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल, तरी लोकांचा हट्ट एकच, राजा पाहिजे. पुढं बाराव्या शतकातला ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस म्हणतो राजा नेमणं ही देवाची आज्ञाच, आणि पंधराव्या शतकातला ज्यू विचारवंत अब्राबनेल म्हणतो आज्ञा कसली, नुसती परवानगी आहे, राजावाचून काही अडत नाही, व्हेनिस बघा, तिथं राजाच नाही. आणि हा कोण, तर पोर्तुगाल आणि स्पेनच्या राजांचे पैशाचे व्यवहार बघणारा, १४९२ ला ज्यूंना हाकललं तेव्हा स्पेनमधून यालाही निघावं लागलं. मालकाला आतून बघितलेला माणूस हो!

तत्त्वज्ञ स्पिनोझाला ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजानं १६५६ ला वाळीत टाकलं, ते प्रकरण मात्र दहा मिनिटांत उरकलं, ते काही पटलं नाही.

पाचवा आठवडा पैसा वसूल. एकाच वर्षी, १८९७ ला, ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला हर्झलची झायोनिस्ट काँग्रेस, म्हणजे ज्यूंना स्वतःची भूमी हवी म्हणणाऱ्यांची परिषद, आणि ऑक्टोबरमध्ये विल्नाला (आजचं व्हिल्नियस) ज्यू कामगारांचा समाजवादी पक्ष बुंड. एक म्हणतो आपली भूमी पाहिजे, दुसरा म्हणतो जिथं राहतो तिथंच लढू, आपली यिद्दिश भाषा बोलू. मधेच ज्यू लेखक अहाद हाआम, की राज्याचं नंतर बघा, आधी संस्कृतीचं केंद्र उभं करा. सरांनी तिघांची बाजू इतकी मनापासून मांडली की दर वीस मिनिटांनी माझं मत बदलत होतं. १९४८ च्या इस्राएलच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात देवाचं नाव घालायचं का यावरही वाद, शेवटी शब्द काढला ‘त्सूर यिस्राएल’, इस्राएलचा खडक, धार्मिकांनी देव समजावा, बाकीच्यांनी वाटेल ते.

खरा राग सातव्या आठवड्याचा. विषय ‘ज्यू कोण’, आणि बेने इस्राएलचं नावही नाही. कोकणातली, घरात मराठी बोलणारी माणसं, इस्राएलला गेल्यावर लग्नाच्या वेळी रब्बींनी त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली, १९६४ पर्यंत आंदोलन चाललं. चॅटमध्ये विचारलं तर ‘छान प्रश्न’ म्हणून पुढची स्लाइड.

साडेतीन स्टार. माइक डब्यात ठेवल्यासारखा, हेडफोन लावूनच बसा. रेकॉर्डिंग महिनाभरच राहतं, मी अब्राबनेलवालं दोनदा बघून घेतलं.